पावसाने दडी मारली की गळ कुठे टाकावा: नाल्यात की तलावात?

ऑगस्टमध्ये आठ-पंधरा दिवस पाऊस गेला की नागपूरच्या आसपास गळ टाकणाऱ्यांची गर्दी तलावांच्या पाळीवर होते. शेताच्या धुऱ्यालगतच्या नाल्याकडे कोणी वळत नाही, कारण गुडघाभर पाण्यात काय मिळणार, असा समज पक्का आहे. तो समज चुकीचा आहे. पावसाच्या खंडात पहिला आठवडा-दीड आठवडा नालाच सरस ठरतो, फक्त पाण्याची धार तुटलेली नसावी. धार तुटली की नाला सोडून तलाव गाठावा.

याचे मूळ पाण्यातल्या प्राणवायूत आहे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. खंडात ऊन तापते, वारा पडतो. हिरवट पाण्याच्या तलावात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून अशा तलावावर सहाला बसलात तरी आठपर्यंत तरंगा हलत नाही. ढगाळ आणि बिनवाऱ्याच्या दिवशी तर त्याहून वाईट. नाल्यात मात्र खडकावरून पडणारे पाणी रात्रभर हवा ओढत असते आणि उजाडतानाच मासळी चरायला निघते. ऑगस्टात सूर्य सहाच्या आसपास उगवतो. नाल्यावर तेव्हापासून साडेनऊपर्यंतचा वेळ खरा, पुढे उथळ पाणी तापते. तलावाचा दुसरा वेळ संध्याकाळी पाचपासून अंधार पडेपर्यंत. कामावर जाण्याआधी दोन-तीन तासच हाताशी असतील तर निवड इथेच झाली.

कोणता नाला, हेही पाहावे. काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे खाली काळा पाषाण आहे. नाला दगडी पायऱ्यांवरून उतरतो आणि प्रत्येक पायरीखाली डोह सापडतो. हे डोह टिकतात, पण काळ्या मातीचा गढूळपणा बसायला तीन-चार दिवस लागतात. घाई करून गेलात तर मासळीला आमिषच दिसत नाही. कन्हानच्या खोऱ्यातल्या रेताड नाल्यांचे उलट असते. पाणी लवकर निवळते, पण रेतीत मुरून धारही लवकर तुटते. म्हणजे रेताड नाला आधी, खडकाळ नंतर.

धार आहे की नाही हे पाहायला डोहाच्या तोंडाशी वाळके पान टाका. ते खालच्या पायरीवरून उतरून गेले तर बसा. जागच्या जागी फिरत राहिले तर तो डोह आता अडकलेला आहे. त्यातली मासळी पुढच्या पावसापर्यंत तिथेच तगणार असते, तिला हात लावू नये. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासताना दिसले तरी परत फिरा. (मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात, अधूनमधून वर येणे हा त्यांचा स्वभावच. बारीक खवल्यांची मासळी वर आली तर मात्र पाणी गुदमरले आहे.) आसपासच्या शेतकऱ्यांनी खंडात पिकाला पाणी द्यायला मोटारी लावल्या असतील तर डोह दोन दिवसांतही आटतो, म्हणून आदल्या संध्याकाळी एक चक्कर मारून यावी.

साहित्यात दोन्हींचा खर्च वेगळा आहे. नाल्याला ८ ते १० फुटांची बांबूची काठी, काठीपेक्षा थोडी आखूड ०.२० मिमी जाडीची नायलॉन दोरी, ८ ते १० नंबरचा गळ (नंबर मोठा तसा गळ लहान) आणि गळापासून वीतभर वर ज्वारीच्या दाण्याएवढे शिसे एवढे पुरते. तरंग्याला ज्वारीच्या सुक्या धांड्याचा गाभा चालतो, बोटाच्या पेराएवढा. आमिष म्हणजे अर्धे गांडूळ. पूर्ण लावले तर लहान मासा टोक ओढून नेतो आणि गळ रिकामा येतो. तलावाला रीळ लागते, दोरी ०.३५ मिमीची, गळ ४ ते ६ नंबरचा, कणकेत ढेप मिसळून केलेला गोळा आणि तासभर आधी टाकलेला चारा. मृगळ तळाशी चरतो, रोहू मुख्यतः मधल्या पाण्यात, आणि दोन्ही चाऱ्यावर यायला वेळ घेतात. तिथे अर्धा दिवस द्यावाच लागतो.

नाल्यात हात रिकामा राहण्याचे मुख्य कारण आमिष नसून माणसाची सावली आहे. निवळलेल्या उथळ पाण्यात मासळीला काठावरची हालचाल स्पष्ट दिसते आणि पावलांची धप लांबून कळते. काठापासून पाच-सहा फूट मागे, वाकून, सूर्य समोर ठेवून बसा. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे खालच्या डोहापासून वर सरकत जावे. आमिष डोहात थेट टाकू नका. वरच्या धारेत सोडा आणि वाहत डोहात येऊ द्या. करंज, जांभूळ, उंबराच्या मुळ्या पाण्यात उतरल्या असतील ती सावली आधी धरावी. तळाच्या दगडांखाली वाम असते, पण तिथेच खेकडा आमिष कुरतडतो. तरंगा न बुडता थरथरत राहिला तर जागा हातभर बदला. शिंगटी लागली तर ती चिमट्याने सोडवा, पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे खोल रुततात.

मिळते काय? नाल्यात हाताएवढी, तळून खाण्याजोगी मासळी, वाम आणि नशीब असेल तर मरळ. किलो-दोन किलोचा रोहू हवा असेल तर तलावच. पण खंडात फवारण्या जोरात असतात, पंपही नाल्यात धुतले जातात. कपाशी-सोयाबीनवर ताजी फवारणी दिसली तर तिथली मासळी खाऊ नये आणि खंडानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणीही टाळावे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग आणि पिली नद्यांची मासळी तर कधीच नको.

परवानगीचे पाहिले तर बहुतेक तलाव मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि बीज त्यांनी सोडलेले असते. विचारल्याशिवाय बसू नका. नाल्यावर ठेका नसला तरी ढीवर मंडळींची जाळी लागलेली असतील तो डोह सोडावा. पेंच व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदीच आहे.

धोके दोन्हीकडे आहेत. तलावाच्या काठी सुकल्यासारखा दिसणारा गाळ मांडीपर्यंत खचतो. कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यात उगम पावते, त्यामुळे इकडे ऊन असतानाही ती वाढू शकते, आणि पात्रात रेती उपशाचे खोल खड्डे असतात. नाल्याचेही तसेच: वरच्या बाजूला ढग दाटले, पाण्यात काडीकचरा येऊ लागला की सामान न आवरता वर चढा. कार्बनची काठी विजेच्या तारेखाली उभी धरू नका, मोटारीच्या उघड्या वायरीजवळ तर अजिबात नाही.

मरळीबद्दल एक आग्रह. पावसाळा हा तिच्या विणीचा काळ. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा थवा एकत्र फिरताना दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. ते आमिषावर नव्हे, रागाने गळावर झडप घालतात, म्हणून सहज लागतात. त्यांना काढले तर थवा थोड्याच वेळात इतर मासे खाऊन टाकतात. तो डोह सोडून पुढच्या पायरीवर जा.