आईचा मिस्ड कॉल आणि घरचं कॉलबॅक, आठ महिने वापरून

आम्ही न्यू जर्सीत, आई गावाला, पाटणच्या वरच्या अंगाला. तिकडे नेट म्हणजे नशीब, व्हॉट्सॲप कॉल लागला तर लागला, पण साधा कॉल नीट लागतो. आणि आईला फोनमधलं एकच काम पक्कं जमतं, मिस्ड कॉल द्यायचा. म्हटलं मग त्याच्यावरच सगळं बसवू.

घरी रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) फ्रीपीबीएक्स, म्हणजे घरचं टेलिफोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून होतं, ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ (साधा फोन नेटवरच्या कॉलला जोडणारी डबी) आणि त्याला साधा कॉर्डलेस. फ्रीपीबीएक्समध्ये कॉलबॅकचं मॉड्यूल असतं, नंबरची जागा रिकामी ठेवली की ज्याने कॉल केला त्यालाच उलटा कॉल जातो. आईच्या सिमवर आयएसडी चालू करून घेतलं, ती आमचा नंबर लावते, सिस्टीम न उचलताच कट करते, तिचा एक पैसा जात नाही, आणि मग इथून तिला कॉल. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं, दोन शनिवार गेले.

पहिला घोळ नंबरचा. तिचा नंबर कधी +९१ ने यायचा, कधी नुसत्या ९१ ने, आणि अमेरिकेतून परदेशात लावायला पुढे ०११ पाहिजे. आउटबाउंड राउटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलचे नियम) + काढून पुढे ०११ लावायचे दोन पॅटर्न टाकले तेव्हा कुठे जमलं. दुसरा, डिले, म्हणजे उलटा कॉल किती सेकंद थांबून लावायचा ते, शून्य ठेवला तर तिचा फोन अजून कट होतोय तोवर आपला कॉल जाऊन बिझी मिळतो, आठ सेकंद ठेवा. तिसरी चूक माझीच, सुरुवातीला कोणालाही कॉलबॅक जाईल असं ठेवलं होतं. फसव्या कॉलवाल्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर दाखवून फोन केला आणि माझ्या सिस्टीमने ओहायोतल्या एका आजोबांना रात्री उठवलं. आता कॉलबॅकचा इनबाउंड राउट (आत येणाऱ्या कॉलचा नियम) फक्त आईच्या नंबरपुरता.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. आई उचलायची, तिकडे नुसती रिंग ऐकू यायची (आमचा कॉर्डलेस वाजत असायचा ना), तिला वाटायचं लागलाच नाही, ठेवून द्यायची. मग कॉलबॅकनंतर आधी अनाउन्समेंट आणि मग रिंग ग्रुप (म्हणजे घरचा फोन वाजणार) असं केलं, अनाउन्समेंट माझ्या आवाजात, "आई, ठेवू नकोस गं, जोडतोय." ती त्याला उत्तर देते, "बरं बाबा, नाही ठेवत." कॉल रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं मी.

अजून एक दुखणं आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी तिचा नंबर इथे अननोन म्हणून येतो, ती चूक मधल्या कुठल्यातरी कंपनीची, मग कॉलबॅक न होता फोन थेट घरी वाजतो, आम्ही सवयीने उचलतो आणि आईचा बॅलन्स उडतो. मग बोलणी खावी लागतात. वेळेचं बंधन मात्र घातलं नाही, तिच्या दुपारी एकला इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात उन्हाळ्यात, हिवाळ्यात अडीच. परवा वाजला तेव्हा बायको म्हणाली तूच उचल, आणि आई विचारत होती की कैरीचं लोणचं बरणीत भरू का तू येईपर्यंत थांबू.