शीर्षकगीत वगळणारी कार्टून सेवा: वर्षभराचा अनुभव

फोंड्याला आमच्या घरी कार्टून मालिका दाखवणारी एक सशुल्क सेवा गेल्या जूनपासून चालू आहे. चित्र स्वच्छ दिसते, हिंदी डबिंग ऐकण्याजोगे आहे, मराठी मालिका मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. या बाबतीत ती इतर सेवांपेक्षा फारशी वेगळी नाही. माझी तक्रार आहे ती प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या दीड मिनिटाविषयी, आणि वर्गणी पुढे भरायची की नाही हे मी तिच्यावरूनच ठरवणार आहे.

मुलांचे प्रोफाइल निवडले की ही सेवा मालिकेचे शीर्षकगीत आपोआप वगळते. मोठ्यांच्या प्रोफाइलमध्ये ही सोय बंद करता येते. मुलांच्या प्रोफाइलमध्ये तसा पर्यायच ठेवलेला नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी ही गाणी रचली गेली, नेमकी त्यांनाच ती ऐकायला मिळत नाहीत. बरे, ही काटछाटही नीट केलेली नाही. आठ वर्षांची माझी मुलगी जी जपानी मालिका पाहते, तिच्या प्रत्येक भागात गाण्याच्या आधी एक छोटा प्रसंग असतो. तो संपतो, गाण्याच्या ठेक्याचा जेमतेम एक तुकडा कानावर पडतो आणि चित्र एकदम शाळेच्या वर्गात जाऊन आदळते. समेवर येण्याआधीच कोणी तबलजीचा हात धरावा, तसे ते ऐकताना वाटते.

शीर्षकगीत वगळण्याचे बटण नेटफ्लिक्सने 2017 साली आणले. दिवसाकाठी ते साधारण 13 कोटी 60 लाख वेळा दाबले जाते, असे त्या कंपनीने 2022 मध्ये सांगितले होते. एका बैठकीत चार भाग पाहणाऱ्याला तेच गाणे चौथ्यांदा नको असते, हे मला पटते. पण बटण दाबायचे की नाही हे तिथे पाहणारा ठरवतो. आमच्या सेवेत ते मुलांच्या वतीने परस्पर ठरवून टाकलेले आहे.

शीर्षकगीत काय करते, हे माझ्या पिढीला 'जंगल बुक'ने शिकवले. मूळ मालिका जपानी, 1989 सालची, 52 भागांची. ती दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा गुलजार यांनी तिच्यासाठी नवे गीत लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. रविवारी सकाळी ते वाजू लागले की परसात, विहिरीपाशी, जिथे असू तिथून आम्ही मुले धावत सुटायचो, कारण आमच्या वाड्यावर टीव्ही दोनच घरांत होता. जत्रेच्या नाटकात तिसरी घंटा होऊन नांदी सुरू झाली की मांडवातली कुजबूज आपसूक थांबते. ते गाणे आम्हांला तसेच गोळा करून गप्प बसवत असे. मोगलीच्या गोष्टीतले प्रसंग आज मला क्रमाने सांगता येणार नाहीत, गाणे मात्र अथपासून इतिपर्यंत पाठ आहे.

वगळण्यामागे असे गृहीत धरलेले असते की सुरुवात दर भागात तीच असते. 1989 पासून चाललेल्या 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेच्या बाबतीत तरी ते साफ चूक आहे. डॅनी एल्फमन यांच्या सुरावटीवर घरातला शाळकरी मुलगा बार्ट फळ्यावर शिक्षेचे वाक्य पुन्हापुन्हा लिहितो आणि शेवटी सगळे कुटुंब सोफ्याकडे धावते. ते वाक्य आणि सोफ्यावरची गंमत बदलत राहते. भागाची लांबी कमी पडली तर सोफ्याचा प्रसंगच लांबवला जाई. तिथे सुरुवात कापली की त्या भागापुरता केलेला नवा विनोदच गेला. 1992 च्या 'बॅटमॅन' मालिकेची सुरुवात तर मला एखाद्या स्वतंत्र लघुपटाइतकी मोलाची वाटते: लालसर आकाश, बँकेतला स्फोट, छपरावर पळालेले दोन चोर, त्यांच्यासमोर उभी राहिलेली काळी आकृती आणि शेवटी विजेच्या लखलखाटात दिसणारा तिचा चेहरा. एक शब्द नाही, मालिकेचे नावसुद्धा पडद्यावर येत नाही, तरी सगळे कळते. जपानी मालिकांत कथानकाने वळण घेतले की बहुधा गाणेही बदलते आणि पुढे येणारी पात्रे त्यात आधीच डोकावून जातात. मुलीच्या मालिकेतही मध्यावर गाणे बदलले आहे. ते आमच्या घरी कोणाला कळलेही नव्हते.

ते कळले ते जुलैत, पावसाने वीज गेली त्या रात्री. टॅबवर आधीच उतरवून ठेवलेल्या भागांत ही काटछाट होत नाही, हे मला ठाऊक नव्हते. मेणबत्तीच्या उजेडात गाणे पहिल्यांदाच पूर्ण वाजले. मुलगी ताठ बसली आणि म्हणाली, "आई, हे रोज असतं?" त्या रात्री गोष्ट बाजूला राहिली, गाणेच पाच वेळा झाले. पुढे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांचा सराव चालू असताना तिने त्याचा ठेका घुमट या मातीच्या तालवाद्यावर काढून दाखवला. तिच्या आजोबांनी कौतुकाने शामेळ या जोडीच्या तालवाद्यावर साथ धरली आणि दुसऱ्या फेरीला तिची एक चुकलेली मात्राही दुरुस्त करून दिली.

सेवेच्या ग्राहक विभागाला मी नोव्हेंबरात लिहिले. मागण्या दोनच आहेत: मुलांच्या प्रोफाइलमध्येही ही सोय बंद करता यावी, आणि गीतकार-संगीतकारांची नावे मालिकेच्या माहितीत द्यावीत. सूचना संबंधितांकडे पाठवली आहे, असे उत्तर आले. त्यानंतर काही बदललेले नाही. वर्गणीची मुदत येत्या जूनमध्ये संपते. तोवर मुलीचा अभ्यास आटोपेपर्यंत मी रोज दोन भाग टॅबवर उतरवून ठेवते.