जिथे प्रवेश नाकारला जातो तिथला पुरावा : ओरोमियाविषयीच्या मानवाधिकार अहवालांचे परीक्षण

२००७ च्या जनगणनेनुसार इथिओपियाच्या लोकसंख्येत ओरोमो समाजाचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे; ओरोमिया हा या समाजाचा प्रांत. या समाजाला सरकारने कसे वागवले याविषयी भरपूर लिहिले गेले आहे; मात्र त्यातील बरेचसे लेखन एक तर सरकारी खुलासा असते, नाही तर चळवळीचे निवेदन. दोन्हींपासून अंतर राखून केलेले काम वाचायचे असेल, तर अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या ऑक्टोबर २०१४ मधील ‘बिकॉज आय अ‍ॅम ओरोमो’ या अहवालापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्याची इंग्रजी कायद्याच्या परिभाषेकडे झुकलेली असली, तरी साक्षींचा भाग सर्वसामान्य वाचकालाही सहज समजतो.

हा अहवाल उघडल्यावर सर्वप्रथम माहिती कशी जमवली ते सांगणारे प्रकरण वाचावे. ऑगस्ट २०११ मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या प्रतिनिधींना इथिओपियातून बाहेर काढण्यात आले, आणि त्यांना भेटलेले दोन ओरोमो विरोधी नेते, बेकेले गेर्बा आणि ओल्बाना लेलिसा, यांना त्याच सुमारास अटक झाली. संशोधकाशी बोलण्याची किंमत साक्षीदाराला मोजावी लागू शकते, हे त्यानंतर कोणालाही सांगण्याची गरज उरली नाही. देशातील संस्थांचीही वाट अडवलेली होती. २००९ च्या कायद्याने एकूण निधीपैकी दहा टक्क्यांहून अधिक पैसा परदेशातून घेणाऱ्या संस्थांना मानवाधिकारांवर काम करण्यास मनाई केली, आणि इथिओपियन मानवाधिकार परिषदेसारख्या जुन्या संस्थेला आपल्या बहुतेक शाखा बंद कराव्या लागल्या. अशा स्थितीत अ‍ॅम्नेस्टीने शेजारच्या देशांत आश्रय घेतलेल्या लोकांना गाठले, देशात राहिलेल्यांशी दूरवरून संपर्क साधला आणि दोनशेहून अधिक साक्षी नोंदवल्या.

त्या साक्षींतून उभे राहणारे चित्र भीषण आहे. २०११ ते २०१४ या काळात सरकारला खऱ्या किंवा केवळ संशयित शांततामय विरोधापायी किमान पाच हजार ओरोमो व्यक्तींना अटक झाली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. त्यांत विद्यार्थी, शेतकरी, गायक आणि विरोधी पक्षांचे कार्यकर्ते होते, तसेच आधी पकडलेल्यांचे नातेवाईकही होते. ओरोमो लिबरेशन फ्रंट या तेव्हा बंदी असलेल्या बंडखोर संघटनेला मदत केल्याचा आरोप बहुतेकांवर असे, पण त्याला पुरावा लागत नसे. सत्ताधारी पक्षाचा प्रचार वर्गात शिकवण्यास नकार देणाऱ्या एका शिक्षकाने, कोठडीत संगिनीने आपल्या डोळ्यावर वार झाल्याचे सांगितले. संघटनेशी संबंध असल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या पत्नीचे बाळंतपण केले म्हणून एका सुईणीला अटक झाली. मला सर्वांत अस्वस्थ करून गेली ती ही सुईणीची नोंद, कारण संशयाचे वर्तुळ किती दूरवर पसरले होते हे त्या एका घटनेतून कळते.

अहवालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सीमा ओलांडू शकलेल्यांचा आवाज यात ठळक आहे. ज्यांना पळून जाणे शक्य झाले नाही, त्यांचा अनुभव त्या मानाने कमी येतो. साक्षीदारांची नावे लपवणे अपरिहार्य असले, तरी त्यामुळे वाचकाला स्वतः पडताळणी करता येत नाही आणि संस्थेच्या काटेकोरपणावर विसंबावे लागते. इथिओपियाच्या सरकारने अहवाल फेटाळला, पण स्वतंत्र चौकशीसाठी दारे मात्र उघडली नाहीत.

याच्या जोडीला ह्यूमन राइट्स वॉचचा जून २०१६ चा अहवाल वाचावा. राजधानी अदिस अबाबाच्या विस्तार आराखड्यामुळे आसपासच्या ओरोमो शेतकऱ्यांची जमीन जाईल या भीतीतून नोव्हेंबर २०१५ मध्ये गिन्ची येथे निदर्शने सुरू झाली आणि ओरोमियाभर पसरली. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला, तरी दडपशाही थांबली नाही. सव्वाशेहून अधिक मुलाखतींच्या आधारे संस्थेने मृतांची संख्या चारशेहून अधिक असल्याचा अंदाज दिला. हा अहवाल आला त्याच जून महिन्यात इथिओपियाच्या सरकारी मानवाधिकार आयोगाने संसदेपुढे १७३ मृत्यू सांगितले आणि सुरक्षा दलांनी वापरलेले बळ प्रमाणात होते असा निर्वाळा दिला. दोन आकड्यांमधील हे अंतर पाहिले की स्वतंत्र संशोधन कशासाठी हवे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र संशोधन स्वतंत्र ठरते ते केवळ सरकारपासून दूर राहिल्याने नव्हे. जुलै २०१९ मध्ये डॅनिएल बेकेले त्याच सरकारी आयोगाचे प्रमुख झाले. २००५ च्या निवडणुकीनंतर तुरुंगवास भोगलेले आणि पुढे ह्यूमन राइट्स वॉचच्या आफ्रिका विभागाचे नेतृत्व केलेले हे गृहस्थ आल्यावर आयोगाचा सूर पालटला. डिसेंबर २०२१ मध्ये पूर्व शेवा भागात कर्रायू या ओरोमो समूहाच्या गदा या पारंपरिक स्वशासन व्यवस्थेतील चौदा जण मारले गेले, तेव्हा अधिकाऱ्यांनी आधी ओरोमो बंडखोरांकडे बोट दाखवले. आयोगाने चौकशी करून ही हत्या सरकारी सुरक्षा दलांनीच केल्याचा निष्कर्ष दिला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने असे लेखी म्हणणे ही साधी गोष्ट नाही.

आणि जून २०२२ मध्ये पश्चिम वोलेगामधील गिम्बीजवळ तोले येथे शेकडो अम्हारा रहिवासी मारले गेले, तेव्हा साक्षीदारांनी ओरोमो लिबरेशन आर्मी या सशस्त्र बंडखोर गटाकडे बोट दाखवले. त्या संघटनेने आरोप नाकारला, पण अ‍ॅम्नेस्टी आणि आयोग या दोघांनीही साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून प्रसिद्ध केले. ओरोमोंवरील अन्याय ज्या पद्धतीने तपासला, तीच पद्धत मारेकरी ओरोमोंच्या नावाने लढणारे असल्याचा आरोप झाला तेव्हाही वापरली गेली. म्हणूनच २०१४ चा अहवाल एकटा वाचून थांबू नये. त्यानंतर २०१६, कर्रायू आणि तोले यांविषयीच्या नोंदी त्याच क्रमाने वाचाव्यात, आणि प्रत्येक वेळी निष्कर्षाआधी माहिती कशी मिळवली तो भाग पाहावा.