फॉर्मवर पक्ष लिहायचा की नाही? कॅलिफोर्निया, मिशिगन आणि न्यू जर्सी

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की मतदार नोंदणी करायची असते. बऱ्याच राज्यांत त्या फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो आणि आपल्यातले बरेच जण तिथेच अडतात. भारतात मतदार यादीत नाव घालताना पक्ष कोणी विचारत नाही. म्हणून ‘उगाच शिक्का नको’ असं म्हणत रकाना कोरा ठेवला जातो. प्रतिनिधीगृहाच्या (हाउसच्या) निवडणुकीपुरतं पाहिलं तर हे कुठे चालतं, कुठे अंगाशी येतं. बहुतेक मतदारसंघ कुठल्या तरी एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे खासदार ठरतो तो प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी उमेदवार निवडण्याच्या फेरीत; नोव्हेंबरमध्ये उरतो तो उपचार.

कॅलिफोर्नियात (५२ जागा) खुशाल कोरा ठेवा. २०१० साली मतदारांनी प्रस्ताव १४ मंजूर केला आणि २०१२ पासून प्रायमरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आले. पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये लढतात, भले ते एकाच पक्षाचे असोत. सिलिकॉन व्हॅलीत रो खन्ना यांनी २०१६ मध्ये आपल्याच पक्षाचे खासदार माइक होंडा यांना हरवलं ते असंच. मात्र मतं फुटली की ही पद्धत फार निर्दयी होते. २०१२ मध्ये ३१व्या मतदारसंघात कल डेमोक्रॅट्सकडे होता, पण त्यांचे चार उमेदवार उभे राहिले आणि अंतिम लढत दोन रिपब्लिकनांत झाली. आणि इथे आपलं एक मत काय करू शकतं? २०२४ मध्ये १६व्या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर दोघांना अगदी सारखी मतं पडली, प्रत्येकी ३०,२४९. फेरमोजणीत पाच मतांनी निकाल लागला. (अध्यक्षपदाच्या प्रायमरीचे नियम वेगळे आहेत, तिथे ही गल्लत करू नका.)

मिशिगनमध्ये (१३ जागा) हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण नोंदणीत पक्ष नसतोच. ऑगस्टच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पक्षांचे वेगवेगळे स्तंभ असतात. त्यातला कुठलाही एक निवडा, पण एकच. दोन्हीकडे खुणा केल्यात तर पक्षीय पदांसाठीची तुमची सगळी मतं बाद. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघात सुमारे २८ टक्के मतांवर डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले. उमेदवार नऊ होते. नोव्हेंबरची लढत मग एकतर्फीच झाली.

न्यू जर्सीत (१२ जागा) मात्र नीट विचार करा. जूनच्या प्रायमरीत फक्त आपल्या पक्षाचीच मतपत्रिका मिळते. रकाना कोरा असेल तर त्याच दिवशी केंद्रावर पक्ष जाहीर करता येतो. पण टपालाने मत द्यायचं असेल तर पक्ष आधीच नोंदवावा लागतो, नाहीतर प्रायमरीची मतपत्रिका घरी येतच नाही. आणि एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर मुदत प्रायमरीच्या ५५ दिवस आधी संपते. वर्षानुवर्षं इथे काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) पक्षसंघटनेचे लाडके उमेदवार मतपत्रिकेवर एका ठळक ओळीत छापले जायचे, बाकीचे कोपऱ्यात. ही ‘काउंटी लाइन’ २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट खासदार अँडी किम कोर्टात गेले तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती थांबली आणि नंतर कायद्यानेही गेली. आता इथल्या प्रायमरीतल्या मताला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. म्हणून एडिसनला राहणाऱ्या कोणी विचारलं तर मी स्पष्ट सांगेन: आपल्या मतदारसंघात कोणता पक्ष नेहमी निवडून येतो ते पाहा, आणि त्याचा उमेदवार निवडण्यात भाग घेणं मनाला पटत असेल तर तोच पक्ष आजच लिहून टाका. नोव्हेंबरमध्ये कोणालाही मत द्यायला तुम्ही मोकळेच असता.