14 तासांची फ्लाइट आणि चार सिनेमे

विमानात मला झोप अजिबात येत नाही, त्यामुळे या वेळी थिएटरमध्ये बघायचे राहिलेले सिनेमे एका दमात उरकायचे असं ठरवूनच बसलो होतो. चार झाले.

पहिला लावला ड्यून पार्ट टू, आणि तो विमानात लावूच नका. पावणेतीन तासांचा सिनेमा, सगळी जान त्या अफाट वाळवंटात आणि हान्स झिमरच्या संगीतात, आणि समोर पुढच्या सीटच्या पाठीवरचा वहीएवढा स्क्रीन. नायक पॉल पहिल्यांदा त्या महाकाय वाळूकिड्यावर स्वार होतो तिथे खुर्ची हादरायला हवी, इथे इंजिनाची घरघरच जास्त ऐकू येत होती. कृष्णधवल आखाड्याचा भाग मात्र तेवढ्याशा स्क्रीनवरही अंगावर आला, तो इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात शूट केलाय, माणसं मेणाची असावीत तशी दिसतात. बाकी मत मोठ्या पडद्यावर बघितल्यावरच देईन.

कॉन्क्लेव्ह बेस्ट. नवा पोप निवडायला कोंडून घेतलेले कार्डिनल्स, कुजबुज, दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या. सगळा खेळ चेहऱ्यांवर चालतो त्यामुळे छोटा स्क्रीन खटकत नाही, उलट राल्फ फाइन्सचा तो थकलेला चेहरा हातभर अंतरावर असल्यासारखा वाटतो. फक्त ऐन मतमोजणीत अनाउन्समेंट येते आणि सिनेमा थांबतो, तेव्हा फार चिडचिड झाली. शेवट सांगत नाही, मला पटला, पण जरा घाईत उरकलाय.

मग केबिनमधले दिवे बंद झाल्यावर पायल कपाडियाचा ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट लावला. 2024 मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला तेव्हापासून बघायचा होता. मुंबईत नर्स असलेली प्रभा, नवरा जर्मनीत, त्याचा फोनसुद्धा येत नाही, आणि एक दिवस घरी पार्सल येतं, त्यात लाल राइस कुकर. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. एक शब्द नाही, रडणं नाही, नुसती मिठी. मी तिथे सिनेमा थांबवला, थोडा वेळ तसाच बसलो, आणि मागे नेऊन तो सीन परत बघितला. छाया कदमची पार्वती तर काय सांगू, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी बाई, बिल्डर घर घेतोय आणि घराचे कागद हाताशी नाहीत, प्रभाला बरोबर घेऊन ती त्या बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डावर दगड मारते तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पुढे सिनेमा रत्नागिरीकडे समुद्राकाठी जातो आणि त्याचा श्वासच मोकळा होतो. ज्यांना संथ सिनेमा चालत नाही त्यांना पहिला अर्धा तास जड जाईल, पण धीर धरा.

शेवटचा फ्लो, लॅटव्हियाचा अ‍ॅनिमेशनपट, फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर केलेला आणि ऑस्कर घेऊन आलेला. पूर येतो आणि एक काळं मांजर, कुत्रा, कॅपिबारा (घुशीसारखा पण बराच मोठा प्राणी), लेमूर आणि एक उंच पक्षी एका होडीत अडकतात. संवाद एकही नाही, आणि तोवर माझ्या हेडफोनची एक बाजू बंद पडली होती तरी काही अडलं नाही. मांजर पाण्याला घाबरून आधी नुसते कान मागे घेतं, पंजा टेकवतं, परत उचलतं, हे इतकं हुबेहूब केलंय की ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी तर बघाच. जेमतेम दीड तासाचा आहे, उतरायला दोन तास उरले असतील तेव्हा लावा.