नवाबी रामपुरीच्या नावाखाली विकलं जाणारं शिसं

'खानदानी रामपुरी चाकू, १९१० सालचा, नवाब हामिद अली खानांच्या काळातला, माशाच्या आकाराची भरीव पितळी मूठ, डॅमॅस्कस पातं.' अशी जाहिरात सध्या फिरते आहे. फोटो हिरव्या मखमलीवर काढलेला असतो. यात माझे चौदा हजार रुपये गेले. घडीच्या चाकूंचा नाद असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण ही फसवणूक नेमकी आपल्याच आवडीनिवडी ओळखून रचलेली आहे.

आपल्याला वजनदार आणि जगावेगळा चाकू का आवडतो? हलका चाकू खिशात बरा पडतो, कामालाही तोच सोपा. पण जाड पाठीचा, धातूच्या मुठीचा चाकू तळहातावर ठेवला की कारागिराने धातूत कंजूषी केलेली नाही हे हाताला कळतं. स्पेनमधल्या आल्बासेतेची जुन्या घडणीची नवाखा, म्हणजे तिथला घडीचा चाकू, उघडताना दात्यांवरून कर्रकर्र वाजत जाते. रामपुरीचा खटका बसतो तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. माशाची, पक्ष्याची, घोड्याच्या तोंडाची मूठ असेल तर तो चाकू कुणा एकाच्या हातून उतरलाय असं वाटतं. मला हे सगळं मनापासून आवडतं आणि या अनुभवानंतरही ते कमी झालेलं नाही.

विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. मी व्हिडिओ मागितला तर त्याने लगेच पाठवला. वजनकाट्यावर चाकू ठेवून दाखवला, ४२० ग्रॅम. खटका चार वेळा वाजवून ऐकवला. आजोबा रामपूरच्या बाजारात चाकू बनवायचे, आता घरात कुणी करत नाही, म्हणून मनावर दगड ठेवून विकतोय, असं सांगितलं. निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल निघाल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयने. पार्सल आलं, व्हिडिओतलाच चाकू होता, वजनही बरोब्बर ४२० ग्रॅम. म्हणजे त्याने दाखवलं ते खोटं नव्हतं. खोटं होतं ते आतमध्ये.

शंका आली ती तोलावरून. जाड धातूचा चांगला घडीचा चाकू उघडून बोटावर तोलला तर तोल बहुधा पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्या जरा मागे सापडतो. हा मात्र सरळ माशाच्या शेपटीकडे कलंडत होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक ओळखीचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी शेपटीजवळची टोपी टोकाने उचकटली. खाली प्लस खाचेचा स्क्रू. हा स्क्रू बाजारात आला १९३० च्या दशकात, आणि चाकू म्हणे १९१० चा! स्क्रू काढून मूठ उघडली तर भरीव पितळ कुठलं, वर पातळ पितळी पत्रा आणि आत करड्या रंगाचा ओतीव गोळा. मिस्त्रींनी तो कागदावर घासला, पेन्सिलीसारखी रेघ उठली. "सर, ह्यात शिसं ओतलंय बघा. वजनासाठीच ओतलंय, दुसरं काय काम न्हाई त्याचं."

शिसं पितळेपेक्षा जड आणि ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे पोकळ मुठीत ओतायला कुठल्याही शेडमध्ये जमतं. एक महत्त्वाचं, असा चाकू सापडला तर त्यावर कानस किंवा पॉलिश पेपर मारत बसू नका. शिशाची पूड विषारी असते. उघडलाच तर हात साबणाने धुवा, घरातल्या लहान मुलांपासून लांब ठेवा.

मग पात्याकडे वळलो. आज डॅमॅस्कस म्हणून जे विकतात ते दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र तापवून, ठोकून केलेलं असतं. ते आम्लात बुडवलं की एक थर काळवंडतो, निकेल असलेला थर चकाकत राहतो. थर आरपार असल्यामुळे नक्षी पात्याच्या पाठीवरूनही जाते. माझ्या पात्याच्या दोन्ही बाजूंना सुंदर लाटा, पण पाठ कोरी. मूठ बाजूला ठेवून नुसतं पातं बारीक पॉलिश पेपरने घासलं, लाटा गेल्या. खरं असतं तर फेरिक क्लोराइड लावल्यावर परत उमटल्या असत्या. लावलं, पातं सगळीकडे सारखंच करडं झालं. नक्षी वरून छापलेली होती. विकत घेण्याआधी पाठीचा जवळून फोटो मागा. मी मागितला होता तो अंधुक आला आणि 'कॅमेरा जुना आहे' असं उत्तर मिळालं.

यापुढचा भाग मला सर्वांत संतापजनक वाटतो. पैसे परत मागितले तर फोनवर उत्तर आलं, "तुम्ही बेकायदा हत्यार मागवलंय, पोलिसांत मीच कळवू का?" घाबरून लोक गप्प बसावेत म्हणूनच हे वाक्य तयार ठेवलेलं आहे. शस्त्र नियमांच्या यादीत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं. माझं पातं ५ इंच लांब, जेमतेम एक इंच रुंद. बटणाच्या चाकूंवर दिल्लीत याहून कडक निर्बंध आहेत, आपल्याकडेही जमावबंदीच्या काळात चाकू घेऊन रस्त्यावर फिरणं महागात पडतं, हे संग्राहकाने जाणून घेतलंच पाहिजे. पण घरात कपाटात असलेल्या छोट्या चाकूसाठी फसवणुकीची तक्रार गिळून टाकायचं कारण नाही. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. सोबत यूपीआयचे दोन्ही व्यवहार क्रमांक, वजनकाट्याचा व्हिडिओ, उघडलेल्या मुठीचे आणि स्क्रूचे फोटो जोडले. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या माणसाचं खातं आता दुसऱ्या नावाने चालू आहे, चाकू तोच, साल मात्र १८९० केलंय. तुमचे पैसे नुकतेच गेले असतील तर थांबू नका, त्याच तासाला १९३० फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच हाती लागायची आशा असते.