छापखान्याची सायबर तयारी: लग्नसराई ते दिवाळी वापरून पाहिल्यावर

आमचा कोल्हापुरातला छापखाना लहान आहे. डिझाइनचे दोन कॉम्प्युटर, बिलिंगचा एक आणि मोजकी माणसं. लग्नसराईच्या तोंडावर आम्ही सायबर हल्ल्याची तयारी केली, आता दिवाळी उलटल्यावर लिहितोय. सगळ्यात जास्त भरवसा कशाचा वाटतो ते आधीच सांगतो: दोन टीबीच्या दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क, आणि काम झालं की त्या काढून ठेवायची सवय.

दुकान बंद करताना टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप आणि त्या दिवसाच्या कोरलच्या (डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फायली डिस्कवर जातात. कॉपी झाली की डिस्क काढायची. एक दुकानातल्या कपाटात, दुसरी घरी, आणि दर सोमवारी अदलाबदल. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आत शिरलं की जोडलेली डिस्कही लॉक करतं, आणि क्लाउडला सिंक होणाऱ्या चांगल्या फायलींच्या जागी लॉक झालेल्या फायली जाऊन बसतात. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प केला, आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. त्यांच्या नेटवर्कचा ज्यावर सगळा डोलारा उभा होता त्या सर्व्हरची एकच धड प्रत उरली, ती घानातल्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. हे वाचल्यापासून डिस्क उगाच जोडलेली दिसली की मी उठून काढतो.

बॅकअप घेणं सोपं आहे, तो परत उघडून बघायचा कंटाळा येतो. पण खरी माहिती तिथेच मिळते. आम्ही बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवला. टॅलीत रिस्टोअर करताना जागा वेगळी द्यायची, नाहीतर चालू डेटावरच जुना बसतो. ट्रायल बॅलन्स जुळला, शेवटचं बिल सापडलं. कोरलच्या फायलीही उघडल्या, पण पत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! आमची जुनी कामं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली, आणि फॉन्ट कामाच्या फोल्डरमध्ये नसतात, विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. तेव्हापासून फॉन्टचं फोल्डरही बॅकअपमध्ये जातं. छापखानेवाल्यांनी एवढं तरी आजच तपासावं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी वेगळं मशीन. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. एका जुन्या मशीनवर विंडोज 11 चढत नव्हतं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली. आता कुठलाही पेनड्राइव्ह आधी तिथेच लागतो. शॉर्टकट व्हायरस असेल तर लगेच दिसतं: वर फोल्डरच्या नावाची एक छोटी ‘एलएनके’ (शॉर्टकटची) फाइल, आणि गिऱ्हाइकाचे खरे फोटो बिननावाच्या फोल्डरमध्ये दडवलेले. विंडोजवर तो फोल्डर सहसा दिसत नाही, माणूस शॉर्टकटवरच क्लिक करतो. या मशीनवरून पुढे फक्त पीडीएफ, जेपीजी आणि सीडीआर (कोरलच्या) फायली जातात. गर्दीच्या वेळी यात वेळ जातो, मुलं कुरकुरतात. तरी मी यात सूट देत नाही.

लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) पाठवून फोन ताब्यात घ्यायची फसवणूक आमच्या धंद्याच्या नावावरच चालते, याचा मला मनापासून संताप येतो. आम्ही पत्रिका पीडीएफ किंवा फोटो म्हणूनच देतो आणि तसं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

पैशांसाठी एकच नियम: कुणाचाही बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही. असा एक मेल कागदाच्या व्यापाऱ्याच्या नावाने आला. फोन केला तर त्यांनी खातं बदललेलंच नव्हतं. बिलाचा आकडा बरोबर होता, भाषाही त्यांचीच वाटत होती.

अँटीव्हायरसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विंडोजचा डिफेंडर चालू आणि अपडेट वेळेवर, एवढं आम्हाला पुरलं. पासवर्ड जपून ठेवायला बिटवॉर्डन हे ॲप वापरतो, फुकट आवृत्ती बस होते. ई-वे बिलाच्या (माल पाठवतानाच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याच्या) पोर्टलवर लॉगिनला 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना ओटीपी लागतो. मी बाहेर असलो की काम अडायचं, म्हणून अकाउंटंटच्या नावाने पोर्टलवर सब-युजर काढला, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो.

तक्रार एक आहे. डिस्क चोरीला गेली तर डेटा वाचता येऊ नये म्हणून ती विंडोजच्या बिटलॉकरने पासवर्ड लावून कुलूपबंद करायची होती, पण विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय नाही, प्रो घ्यावं लागलं. बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर डिस्क उघडणारा नंबर) छापून बँकेच्या कागदांसोबत ठेवली आहे.

बिलिंगच्या टेबलाशेजारी एक कागद चिकटवलाय: विचित्र काही दिसलं तर आधी लॅनची वायर काढा आणि वायफाय बंद करा. पैसे गेले तर ताबडतोब 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक. नवीन माणूस कामाला आला की पहिल्याच दिवशी हा कागद त्याच्याकडून वाचून घेतो.